सहा महिने भरायच्या आधी: प्रोबेशनमधली नोकरी नीट कशी सोडावी

गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत लागून मला चौथा महिना होता, तेव्हा दुसरीकडून फोन आला. पगार जास्त, जनरल शिफ्ट, म्हापशाहून एकच बस. मी शनिवारी रात्री सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर ‘सोमवारपासून येत नाही’ एवढं कळवलं आणि फोन बंद करून ठेवला. गेटपास, लॉकरची चावी, दोन एप्रन सगळं माझ्याच घरी राहिलं. प्रोबेशन तर आहे, कोण काय करणार, असा हिशोब. पाच वर्षांनी कुंडईत मुलाखतीला गेलो तर टेबलापलीकडे तोच सुपरवायझर, आता मॅनेजर झालेला. त्याने बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि विचारलं, ‘चावी हाडली (आणली) काय रे?’ ती नोकरी मला मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, खोर्ली, थिवी. औषध कंपन्यांतली माणसं याच चार-पाच वसाहतींत फिरत असतात. हॉटेलवाल्यांची वर्तुळं तर त्याहून लहान. तरीही माझं मत विचाराल तर प्रोबेशनमध्ये नोकरी सोडण्यात गैर काहीच नाही. कंपनी तुम्हाला पारखते तसं तुम्हीही कंपनीला पारखायचं, त्यासाठीच हा काळ असतो. माझं चुकलं ते सोडण्यात नाही, क्रमात. तो क्रम खाली देतो.

आधी वहीत आकडे मांडा

नवा पगार ऐकला की डोकं गरगरतं. म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं. एक उदाहरण बघा. फोंड्यात राहणारा मुलगा कुंडईत २०,५०० रुपयांवर आहे, त्यात बेसिक १२,०००. बेसिकच्या १२ टक्क्यांनी पीएफ १,४४० रुपये आणि ०.७५ टक्क्याने ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) १५४ रुपये कापून हातात साधारण १८,९०० येतात. त्याला वेर्ण्यात २५,००० ची नोकरी आली, बेसिक १५,०००. पीएफ १,८०० जाऊन हातात २३,२००. म्हणजे वाढ सांगायला साडेचार हजार, हातात ४,३०० च्या आसपास.

आता रस्ता धरा. कंपनीची बस नसेल आणि रोज ४० किलोमीटर जास्त पडत असतील तर २६ दिवसांचे हजारावर किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल शंभराच्या आसपास धरलं तर २,३०० रुपये तिथेच गेले. जुन्या ठिकाणी कँटीनचं जेवण नाममात्र पैशांत मिळत होतं आणि नव्या ठिकाणी डबा न्यायचा असेल तर तेही मोजा. उरतात दीड-दोन हजार.

त्यातच एक गोष्ट पगारपत्रकावर दिसत नाही. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. ती ओलांडली की तुमचं आणि घरच्यांचं ईएसआयचं छत्र जातं, मडगावच्या ईएसआय इस्पितळासकट. नवी कंपनी मेडिक्लेम देते का, आणि त्यात आई-वडील येतात का, हे विचारायला लाजू नका. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढता येतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख. ते घरात असेल तर धोका कमी. पण सावंतवाडी-दोडामार्गाहून रोज ये-जा करणाऱ्यांना ते मिळत नाही. त्यांनी हा हिशोब जास्त काळजीने करावा.

हे सगळं करूनही नवी नोकरी चांगली वाटू शकते. शिकायला मिळणार असेल, रात्रपाळी सुटणार असेल, तर दीड हजारासाठीही जावं. फक्त आपण पंचवीस हजारांसाठी जातोय असा गैरसमज नको.

संधी कागदावर आली का?

‘तुझं नक्की झालं, राजीनामा टाक’ हे फोनवरचं वाक्य म्हणजे नोकरी नव्हे. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं ऑफर लेटर हवं. त्यात पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि नव्या ठिकाणचा प्रोबेशन किती, एवढं हवंच. ‘मेडिकल आणि पडताळणीच्या अधीन राहून’ असं लिहिलेलं असेल तर मेडिकल आधी उरकून घ्या. अहवाल बरा आल्याचं कळल्यावरच जुन्या ठिकाणी तोंड उघडा.

सरकारी नोकरीसाठी खाजगी सोडणारे आपल्याकडे सर्वांत जास्त, आणि घाईही तिथेच होते. निवड यादीत नाव येणं आणि नेमणुकीचा आदेश हातात पडणं यात महिने जाऊ शकतात. मधे कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी असते. आदेश येईपर्यंत आहे तिथे हजेरी लावत राहा. आणि कुणी पैसे मागितले तर ती नोकरीच नव्हे. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीचं आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं गोव्यात एकामागून एक पोलिसांत गेली, त्यात शिकलेली माणसंही फसली होती.

बोटीवर जाणाऱ्यांनी एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे का, ते त्या खात्याच्या संकेतस्थळावर तपासावं. व्हिसा आणि चढायची तारीख पक्की होण्याआधी राजीनामा देऊन घरी बसलेले तारवटी मी पाहिले आहेत.

आता स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढा

हे पत्र सही करताना कुणी वाचत नाही. मीही नव्हतं वाचलं. आता वाचा, आणि पेन्सिलने पाच गोष्टींवर खूण करा.

पहिली, प्रोबेशनची मुदत. सहा महिने लिहिलेलं असतं आणि पुढे बारीक अक्षरात ‘व्यवस्थापन ही मुदत वाढवू शकेल’ असं असतं. सहा महिने भरले आणि कन्फर्मेशनचं पत्र आलं नाही, तर आपण आपोआप कायम झालो असं धरून चालू नका. कायम होण्यासाठी लेखी आदेश लागेल, असं पत्रात म्हटलं असेल तर तो येईपर्यंत तुम्ही सहसा प्रोबेशनवरच. सोडणाऱ्याच्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण पुढचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे.

दुसरी, नोटीस. बहुतेक पत्रांत प्रोबेशनमध्ये सात, पंधरा किंवा तीस दिवस आणि कायम झाल्यावर दोन-तीन महिने असतात. काही पत्रांत प्रोबेशनमध्ये कंपनी बिननोटीस काढू शकते, पण तुम्ही मात्र महिनाभर आधी सांगायचं, असा एकतर्फी मामला असतो. चीड येते, पण सही केलेली असते. पत्रात काहीच नसेल तर कंपनीचे स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, बघा. ते फाटकाजवळच्या किंवा टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावलेले असतात.

तिसरी, नोटीसऐवजी पैसे. दिवस कमी भरले तर उरलेल्या दिवसांचा पगार कापतात. तो एकूण पगारावर की बेसिकवर, हा शब्द शोधा. एकूण २२,००० आणि बेसिक ११,००० असेल, तीसपैकी बाराच दिवस भरलेत, तर अठरा दिवसांचे एकूण पगारावर १३,२०० होतात आणि बेसिकवर ६,६००. एका शब्दाने रक्कम निम्मी. ‘नोटीस द्यावी किंवा त्याऐवजी पगार भरावा’ असं असेल तर निवड तुमची. ‘व्यवस्थापनाच्या संमतीने’ अशी पुस्ती असेल तर विचारावं लागेल. नव्या कंपनीला घाई असेल तर हे पैसे तुम्ही द्याल का, असं सरळ विचारा. मोठ्या कंपन्या देतात, पण ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

चौथी, बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार. ‘बाँड म्हणजे नुसता कागद, कोण कोर्टात जातो’ हे कट्ट्यावरचं ज्ञान अर्धवट आहे. गोव्यात लग्न-वारसाला पोर्तुगीज काळातला नागरी कायदा लागतो, पण नोकरीच्या कराराला देशभरासारखा १८७२ चा भारतीय करार कायदाच. त्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. म्हणजे दोन दिवसांच्या तोंडओळखीला ‘प्रशिक्षण’ म्हणून लाखभर मागणाऱ्याचं काम अवघड. पण खरोखर खर्च करून तुम्हाला परगावी प्रशिक्षणाला पाठवलं असेल तर विषय वेगळा. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची ‘तीन वर्षं आधी सोडल्यास दोन लाख’ ही अट वैध ठरवली आहे. तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवून घेण्याचा हुकूम मात्र कुठलंही न्यायालय देत नाही, प्रश्न फक्त पैशांचा. बाँड असेल, आणि त्यातही सहीचा कोरा चेक दिलेला असेल, तर राजीनाम्याआधी वकिलाला तासभर द्या. ती फी वाया जात नाही.

पाचवी, ‘सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ हे कलम. याला फार घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतर पोट भरण्यावर घातलेली अशी बंदी सहसा टिकत नाही. गुपितं नेण्यावरची बंदी टिकते. फॉर्म्युला, ग्राहकांची यादी, दरपत्रक पेन ड्राइव्हमध्ये घेऊन गेलात तर ते वेगळं प्रकरण होतं.

अप्रेंटिस असाल तर वरचं बरंच लागू नाही. तुमचा करार १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचा, त्याची सुटका वेगळ्या वाटेने होते. आधी कारखान्यातल्या ट्रेनिंग विभागात विचारा.

आणि शाळेचे-कॉलेजचे मूळ दाखले कंपनीकडे ठेवलेले असतील तर ते ‘बँकेत कर्जासाठी दाखवायचे आहेत’ अशी कारणं न शोधता, पण राजीनाम्याच्या आधी परत मागून घ्या. मूळ दाखले देऊच नयेत, हे आता सांगून उपयोग नाही.

कधी सांगायचं

हॉटेलात असाल तर २० डिसेंबर ते २ जानेवारी हा काळ टाळा. कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात त्या दिवसांत सुट्टी मागितली तरी मॅनेजरचं डोकं फिरतं, राजीनाम्याचं काय होईल! ऑक्टोबरात मोसम सुरू होताना जाण्याची तयारी असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला सांगा. त्यांना माणूस शोधायला वेळ मिळतो आणि तुमची कटकट वाचते. कारखान्यात ऑडिटचा आठवडा चालू असेल तर तो जाऊ द्या.

चतुर्थीचं वेगळं. चतुर्थीची पाच दिवसांची रजा भोगून दुसऱ्याच दिवशी राजीनामा देणारा प्रत्येक कंपनीत एक तरी असतो आणि त्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं. बोनसच्या भीतीने थांबत असाल तर इतकं लक्षात ठेवा: ज्या आस्थापनात वीस किंवा अधिक माणसं आहेत तिथे, पगार बोनसच्या मर्यादेत असेल आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल, तर केलेल्या कामाच्या प्रमाणात ८.३३ टक्क्यांचा बोनस सोडून गेल्यावरही मागता येतो. प्रोबेशनवर होता म्हणून तो बुडत नाही.

कन्फर्मेशनची तारीख जवळ असेल आणि नवी ऑफर हातात असेल, तर तारखेच्या आधी सांगा. कायम झाल्याचं पत्र सही करून घेतलं की नोटीस पंधरा दिवसांवरून साठ दिवसांवर गेली, असं एका मित्राचं झालं. नवी कंपनी थांबली नाही.

सांगायचं कसं

आधी तोंडी, आपल्या थेट वरिष्ठाला, आणि त्याच दिवशी लेखी एचआरला. उलट क्रमाने केलंत तर साहेबाला एचआरकडून कळतं आणि पुढचे पंधरा दिवस तो तुमच्याशी बोलत नाही. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर बोलणं कोकणीत, ईमेल इंग्रजीत आणि घरात आई-बाबांशी वाद मराठीत, असा तीन भाषांचा कारभार असतो. साहेबाशी ज्या भाषेत रोज बोलता त्याच भाषेत सांगा.

‘सर, पाच मिनिटं हवी होती. मला दुसरीकडे संधी मिळाली आहे, मी ती घ्यायची ठरवली आहे. पत्रात पंधरा दिवसांची नोटीस आहे, ती मी पूर्ण भरेन. कुणाला काम समजावून द्यायचं ते तुम्ही सांगा.’

एवढं पुरे. कुठे जाताय हे सांगायचं बंधन नाही. विचारलं तर ‘रुजू झाल्यावर सांगतो सर’ म्हणा. पण घरी आजारपण आहे, गावी शेती बघायची आहे, असलं खोटं नको. वेर्ण्याच्या फाटकावर महिन्याभरात कुणीतरी बघतोच. तक्रारींचा पाढाही वाचू नका, आता तो सुधारणेसाठी नाही, फक्त मन हलकं करण्यासाठी असतो.

पत्र चार ओळींचं. बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच द्यावं लागतं, मजकूर मात्र हाच:

‘मी अमुक तारखेपासून तमुक पदावर प्रोबेशनवर काम करत आहे. माझ्या नेमणूक पत्रातील कलम अमुक नुसार १५ दिवसांची नोटीस देऊन मी राजीनामा देत आहे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. राजीनामा स्वीकारल्याचे आणि त्या तारखेला कार्यमुक्त करत असल्याचे लेखी कळवावे.’

तारीख आणि कलम क्रमांक हे या पत्रातले जीव. कारण लिहायची गरज नाही. कंपनीच्या ईमेलवरून पाठवताना स्वतःच्या खाजगी ईमेलला प्रत ठेवा, कारण शेवटच्या दिवशी तो ईमेल बंद होतो आणि पुरावाही त्यातच राहतो. ईमेल नसेल तर दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. घेत नाहीत असं झालं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

यानंतर कधी कधी साहेब म्हणतो, ‘थांब, पगार वाढवून देतो.’ चार महिन्यांत जो वाढला नाही तो एका पत्राने वाढतो, याचा अर्थ तुम्ही लावा. मी थांबलो नसतो. थांबणारच असाल तर नवा आकडा लेखी आल्यावरच दुसऱ्या कंपनीला नकार कळवा, आणि तोही वेळेवर. तिथेही कुणीतरी तुमच्यासाठी खुर्ची राखून बसलेलं असतं.

नोटीसचे दिवस

रोज वेळेवर जा. औषध कंपनीत असाल तर लॉगबुक, बॅच रेकॉर्ड, अर्धवट राहिलेल्या नोंदी तुमच्याच सहीने पूर्ण व्हायला हव्यात. मागाहून दुसऱ्याने तुमच्या जागी सही करणं हा तिथे गंभीर दोष मानतात आणि निस्तरायला तुम्हालाच फोन येतो. हॉटेलात गणवेश, नावाची पट्टी, मास्टर की, स्टोअरचा साठा मोजून द्या. स्टाफ क्वार्टरमध्ये राहत असाल तर खोली कधी रिकामी करायची ते आधी विचारून ठेवा. शेवटचा दिवस आणि बाहेर काढण्याचा दिवस एकच असतो, आणि डिसेंबरात पर्वरीला भाड्याची खोली एका दिवसात मिळत नाही.

दिलेल्या प्रत्येक वस्तूची ‘नो ड्यूज’च्या फॉर्मवर सही घ्या. चावीचीसुद्धा.

पैसे आणि कागद

नवे चार कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यातल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतनही दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं म्हटलं आहे. प्रत्यक्षात ‘फुल अँड फायनल’ला, म्हणजे शेवटच्या हिशोबाला, अजूनही महिना-दीड महिना लावणारे आहेत. आधी एचआरला लेखी आठवण करा, त्यात तारीख आणि रक्कम घाला. हलले नाहीत तर पणजीला पाट्टोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाताना नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, राजीनाम्याची पोच आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जा. बरेचदा तिथून फोन गेला की रक्कम येते.

हातात हवेत ते कागद: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, सगळ्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि टीडीएस (पगारातूनच कापलेला आयकर) गेला असेल तर त्याचा दाखला. चारच महिने काम केलंय, अनुभवाचा दाखला कशाला, असं एचआर म्हणतो. तरी मागा.

हे चार महिने बायोडेटातून गाळून टाकावेत असं पुष्कळांना वाटतं. तसं करू नका. पीएफचा यूएएन (माणसाचा कायमचा पीएफ क्रमांक) एकच असतो आणि कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता ते त्यात दिसतं. पडताळणी करणारे तेच बघतात. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख जुन्या ठिकाणच्या शेवटच्या दिवसानंतरचीच हवी. एका दिवसाचीही सरमिसळ झाली तर ‘एकाच वेळी दोन नोकऱ्या’ असा प्रश्न निघतो. नव्या कंपनीला तोच यूएएन द्या, दुसरा काढू देऊ नका. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः भरता येते. चार महिन्यांचे जमलेले सात-आठ हजार काढून घ्यायचा मोह होतो, पण ती रक्कम नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांची सलग सेवा भरायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो आणि वळवली की जुने महिनेही त्या पाच वर्षांत धरले जातात.

आयकराचं एक. त्याच आर्थिक वर्षात दोन ठिकाणी पगार घेतला असेल तर जुना पगार नव्या कंपनीच्या अकाउंट्सला कळवा. नाही कळवला तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे वजावट धरली जाते, टीडीएस कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना उरलेला कर व्याजासकट एकदम अंगावर येतो. पगार कमी असेल तर कर लागणारही नाही, पण कळवायला पाच मिनिटंच लागतात.

दुसऱ्या महिन्यात पीएफचं पासबुक उघडून जुनी रक्कम वळती झाली का ते बघा. नव्या अपॉइंटमेंट लेटरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला असेलच, तेव्हा नोटीसचं कलम त्याच बैठकीत वाचून टाका.